जुना लाकडी पाय दाबयंत्राखाली न घालण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य चाचणी अधिकारी,
हलक्या रचना व कृत्रिम अवयव चाचणी केंद्र,
जुन्या पुलाजवळ, तिसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय: शुक्रवारच्या प्रात्यक्षिकात चिरडण्यासाठी काढून ठेवलेला डावा पाय अर्जदाराचा असून तो धडधाकट परत मिळावा, याबद्दल.

संदर्भ: (१) अर्जदाराचे याआधीचे तीन अर्ज, ज्या तिन्हींना मिळून एक उत्तर आले.
(२) आपले ते उत्तर, ज्यात अर्जदाराच्या मातीला 'परकी वस्तू' म्हटले आहे.
(३) आपल्या स्वागतकक्षातील काचेचे कपाट, वरचा कप्पा.

महोदय,

आपल्या खिडकीवरच्या पाटीवर लिहिले आहे की अर्ज मुद्देवार असावा, भाषा संयत असावी आणि लिहिणाऱ्याने स्वतःला 'अर्जदार' म्हणावे. मागचे तीन अर्ज 'मी, मी' करून लिहिले होते, बहुधा त्यामुळेच ते कोणी वाचले नाहीत. या वेळी मुद्दे घातले आहेत, 'अर्जदार'ही घातला आहे. संयम जेवढा शिल्लक होता तेवढा घातला आहे.

१. अर्जदार ही चाकावर मातीची भांडी घडवणारी बाई आहे. कुंड्या, बरण्या, पाण्याचे रांजण. सत्तरी केव्हाच ओलांडली. लग्न होऊन या घरात आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी भट्टीची ओली भिंत तिच्या डाव्या पायावर बसली आणि गुडघ्याखालचा पाय गेला. त्याबद्दल कोणाकडे तक्रार नाही. भिंत सासऱ्यांनी घाईत रचली होती. ते आता नाहीत, आणि असते तरी त्यांच्याशी बोलायला अर्ज लिहावा लागला नसता.

२. आपण चाक पाहिलेले नाही, हे आपल्या पत्रावरून स्पष्ट होते, म्हणून सांगणे भाग आहे. वर थाळी, खाली जड चकती, दोहोंच्या मध्ये दांडा. बाकावर बसून खालच्या चकतीला पायाने लाथ घालायची, की वरची थाळी फिरते. अर्जदार माहेरी, परकरात असताना, डाव्या पायाने लाथ घालायला शिकली. त्यामुळे चाक एकाच अंगाने फिरते, माती एकाच अंगाने हाताखाली येते आणि हातांना तेवढेच अंग ठाऊक आहे. आपण भेटीच्या वेळी म्हणालात, "मग उजव्या पायाने मारा की, आजी." उजव्या पायाने मारले की चाक उलटे फिरते. आपण उद्यापासून आपली सही उलट्या बाजूने, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, करून दाखवावी. ती साधली की अर्जदार पाय बदलेल.

३. आता जुन्या पायाविषयी. सासरे भांडी घडवणारे, पण यजमान सुतारकीकडे वळलेले. याचे त्यांच्या वडिलांना दुःख होते, अर्जदाराला मात्र त्याचा फायदा झाला. पाय गेल्यावर घरात सगळ्यांनी धरून चालले होते की सुनेचे चाक आता थांबले. यजमानांनी मात्र एक लाकडाचा ओबडधोबड तुकडा अर्जदाराच्या गुडघ्याखाली बांधला, चाकाच्या खालच्या चकतीला खडू फासला आणि म्हणाले, "मार."

अर्जदाराने लाथ घातली. पडली. त्यांनी उचलून पुन्हा बसवले. "मार." असे ते कितीतरी संध्याकाळी चालले. दर वेळी ते तो तुकडा सोडून दिव्यापाशी नेत आणि खडू कुठे लागला आहे ते पाहत. एकदा सासरे दारातून म्हणाले, "अरे, बायको आहे ती, घण नव्हे." यजमान म्हणाले, "म्हणूनच बघतोय, बाबा."

मग त्यांनी पाय घडवला. आतून कोरून पोकळ केला, कारण भरीव लाकूड अर्जदाराला उचलवले नसते. फक्त जिथे खडू लागत होता तिथली आतली बाजू जाड ठेवली. म्हणजे पोकळ करून हलके करणे हे आपल्या केंद्राचे नवे ज्ञान असेल तर असो, त्याबद्दल अर्जदाराचे भांडण नाही. पावलाचा आकार त्यांनी लग्नातल्या तपकिरी जोड्यांपैकी डाव्याच्या आत हात घालून घेतला, आणि तोच जोडा त्यावर चढवला.

पहिल्या दिवशी चाक फिरवले तेव्हा ते दारात उभे होते.

"कसा आहे?"

"टाचेत टोचतो."

"टाच नाहीये तुला."

"तरी टोचतो."

ते पाय काढून घेऊन गेले आणि संध्याकाळी परत घेऊन आले. तेव्हापासून टोचायचा थांबला. काय केले, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. अर्जदाराने विचारले की म्हणत, "टाच कापून टाकली."

पुढे वयाबरोबर अर्जदार बुटकी होत गेली, तसतसे ते दर काही वर्षांनी पाय थोडा तासून देत. ते गेले, त्यानंतर तासायला कोणी उरले नाही, म्हणून तो पाय आता किंचित उंच पडतो. अर्जदार त्या पायावर लंगडायची ती यामुळे. आपल्या कपाटातील कार्डावर 'सदोष बनावट' लिहिले आहे. ते सुधारावे.

४. नव्या पायाची कल्पना सूनबाईंची. त्या भट्टी आणि रंगाचे काम बघतात, अर्जदाराची कंबर दुखली की तेलही लावतात, त्यामुळे त्यांना बोलण्याचा अधिकार आहे. म्हणाल्या, "आई, किती दिवस तो ओंडका ओढणार? केंद्रात आता पाय छापून देतात."

"पाय काय लग्नपत्रिका आहे, छापायला?"

पण गेली. आपल्याकडच्या चष्मेवाल्या तंत्रज्ञ मुलीने अर्जदाराचा उरलेला पाय चारही बाजूंनी कॅमेऱ्याने टिपला आणि यंत्र दाखवले. यंत्र थरावर थर घालत होते. अर्जदारही मोठा रांजण असाच घालते, मातीच्या वळ्या एकीवर एक रचून, त्यामुळे तिला ते बघायला आवडले. आतून पाय भरीव नव्हता. बारीक बारीक काड्यांची जाळी, घराला घर लागून, सगळीकडे उघडी. मुलगी म्हणाली, "आजी, हाडाच्या आतही अशीच जाळी असते. जिथं भार नाही तिथं सामान कशाला वाया घालवायचं?" पाय हातात घेतला तर वजन एका रिकाम्या बरणीएवढे.

हेही लिहून ठेवणे न्यायाचे आहे की पाय सुरेख होता. पहिले काही आठवडे कंबर दुखली नाही. अर्जदाराने माळ्यावर चढून यजमान गेल्यापासून न उघडलेले कोनाडे झाडले. सूनबाई खाली शिडी धरून ओरडत होत्या, "उतरा आता! पुढच्या वेळी पंख छापून मागाल!"

मात्र पाय देताना आपल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी जुना पाय जमा करायला लावला. जुने द्या, नवे घ्या, असा नियम आहे म्हणे. नव्या पावलाला तपकिरी जोडा होत नव्हता, म्हणून तोही लाकडी पायावरच राहिला. अर्जदाराने विचारले, "परत मिळेल ना?" गृहस्थ म्हणाले, "परत कशाला, आजी? जळण करणार?" आजूबाजूचे हसले, म्हणून अर्जदारही हसली. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात ते हेच, आणि तेही हसत हसत.

५. आता माती. आपल्या पत्राचा सगळा डोलारा या मातीवर उभा आहे, म्हणून सविस्तर.

चाकावर काम करताना हाताखालून गाळ उडतो. तो उडून खाली जातो, आणि खाली पाय असतो. पायाला जर शेकडो उघडी घरे ठेवली असतील, तर गाळ त्या घरांत राहायला जाणारच. सुरुवातीला अर्जदार रोज संध्याकाळी पाय ब्रशने धूत असे. पण जाळी धुणे म्हणजे चाळणीची भोके एकेक करून पुसणे. वाळलेली माती निघेना. मग अर्जदाराने धुणे सोडले. आणि जिथे आपोआप भरली नाही तिथे बोटाने दाबून भरली.

होय, भरली. आपल्या पत्रात "अर्जदाराने हेतुपुरस्सर भरल्याचा संशय आहे" असे आहे. संशय कशाला? विचारले असते तर सांगितले असते. भांड्याच्या अंगात हवेचा एक कण राहिला तरी भट्टीत भांडे फुटते, आणि शेजारची चार घेऊन फुटते. अंगातली पोकळी दिसली की अंगठ्याने बुजवायची, हे या हातांना अक्षर लिहायच्या आधी शिकवले आहे. तेच हात रोज त्या उघड्या जाळीकडे बघत होते. अर्जदाराला वाटले की आपण पाय मजबूत करतो आहोत. नडगीचा खालचा अर्धा भाग घट्ट, भरीव, करडा झाला, आणि अर्जदार निर्धास्त झाली.

सकाळच्या कामात, रांजणाची भिंत अर्धी उठली असताना, लाथ घातली आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. चाक थांबले, रांजण बसला आणि अर्जदार बाकावरून कुशीवर पडली. पाय मोडला तो बरोबर जिथे माती संपत होती तिथे, तिरका.

६. त्यानंतर अर्जदार कुबड्या घेऊन, सूनबाईंच्या खांद्याचा आधार घेऊन, तीन मजले चढून आपल्यापुढे आली. आपण मोडका पाय उलटा सुलटा करून म्हणालात, "बाई, पाय चालण्यासाठी असतो. लाथा मारण्यासाठी नव्हे."

अर्जदार म्हणाली, "साहेब, माझं पोट लाथेवरच चालतं." यावर आपण फोन उचललात. फोन वाजला नव्हता.

चष्मेवाल्या मुलीने मात्र खुर्ची दिली आणि समजावून सांगितले. जाळी उभ्या भाराच्या हिशेबाने रचली होती, वरून उभे राहिले की तोलायची. आडवा धक्का, तोही दिवसभर, एकाच जागी, तिच्या आराखड्यात नव्हता. त्यात खालची घरे मातीने ताठ झाली, वरची लवचीकच राहिली. ताठ वाकेना, लवचीक वाकायचे थांबेना, आणि सगळा ताण दोघांच्या सीमेवर गोळा झाला. "दोन जावांच्या भांडणात मधली भिंत पडते ना, तसं झालं बघा," सूनबाई म्हणाल्या. मुलगी हसली आणि म्हणाली, "चूक दोघांची, आजी. तुम्ही माती भरलीत, आणि आम्ही चाक बघायला आलो नाही."

हे एक वाक्य आपण कार्यालयाच्या कागदावर लिहून दिले असते, तर अर्जदार तिथल्या तिथे उठून घरी गेली असती आणि हे चारही अर्ज वाचले असते. त्या मुलीला या वाक्याबद्दल त्रास देऊ नये. दिल्यास अर्जदार पाचवा अर्ज करील.

७. परंतु आपण पाय "सखोल तपासणीसाठी" ठेवून घेतलात. अर्जदाराला वाटले, आता आडवा धक्का देऊन बघतील. आपल्या लोकांनी काय केले? मोडलेला भाग, जिथे दुखणे होते, तो बाजूला ठेवला. वरचा धड भाग, जिथे मातीचा कणही नव्हता, तो कापून त्याचे चौकोनी ठोकळे पाडले. दात दुखतो म्हणून गेलेल्याचे कान तपासावेत आणि ऐकू उत्तम येते असा दाखला द्यावा, त्यातली ही गत.

ठोकळे दाबयंत्रात घातले तेव्हा अर्जदार काचेपलीकडे हजर होती. दोन पोलादी पाटांच्या मध्ये ठोकळा, वरचा पाट सावकाश खाली. बराच वेळ काही होत नाही. मग एक ओळ बसते. मग तिच्या शेजारची. सभेत एकेक रांग खाली बसावी तशी घरांची रांग बसत जाते, आणि शेवटी सगळे चपटे. बघायला छान वाटले, हे नाकारत नाही. पण तो अर्जदाराचा पाय होता, आणि तो धड भाग होता, आणि खालून नवीन नडगी जोडता आली असती तर ती त्याच भागाला जोडायची होती.

अहवाल आला: "नमुन्यांची उभी दाब-सहनशक्ती अपेक्षेपेक्षा अधिक आढळली. रचना निर्दोष." सोबत चपट्या ठोकळ्यांची पिशवी. पाय मजबूत होता, असा सहीशिक्क्याचा दाखला आता अर्जदाराकडे आहे. पाय नाही. तेलही गेले, तूपही गेले, आणि धुपाटण्याच्या जागी आपण पिशवी दिलीत.

८. आपल्या पत्रात म्हटले आहे की रचनेत "परकी वस्तू" शिरल्यामुळे बदली पाय मंजूर करता येत नाही. महोदय, ज्या घरात माती दारात आहे, नखात आहे, पाण्याच्या तळाशी आहे, केस विंचरले की फणीत आहे, त्या घरात माती परकी नव्हे. त्या घरात परका आला तो आपला पाय. पाहुणा म्हणून आला, आम्ही त्याला आपल्यातले केले, ते त्याला झेपले नाही. यात मातीचा अपमान करण्याचे कारण नव्हते.

९. सध्या घरी काय चालले आहे, तेही आपल्या माहितीसाठी. अर्जदार बाकावर बसते आणि शेजारी उभ्या राहून सूनबाई चकतीला लाथ घालतात. चाक फिरते, पण ते सूनबाईंच्या मनासारखे फिरते. भिंत पातळ होत आली की अर्जदाराचा डावा गुडघा आपोआप सावकाश होतो, पण पुढे काही नसते, आणि सूनबाईंना ते कळत नाही.

"हळू!"

"हळूच मारतेय."

"ही हळू? गाढव हाकतेस का?"

"मग तुम्हीच मारा!"

"पाय दे, मारते!"

काल हे इथपर्यंत आले आणि दोघी थांबलो. सूनबाईंनी तोंड फिरवले. थाळीवर एक बरणी होती, एका कुशीवर कललेली. अशा बरण्यांची आता फळीवर रांग झाली आहे, सगळ्या एकाच बाजूला मान टाकून. भट्टीत घालायचे सूनबाईंच्या जिवावर येते, मोडायचे अर्जदाराच्या.

अर्जदाराला आता फार वर्षे काम करायचे नाही, हे तिला समजते. पण चाक थांबायचे तर ते हात थकल्यामुळे थांबावे. कपाटात पाय असून थांबू नये.

१०. मागच्या आठवड्यात तिसऱ्या अर्जाची विचारपूस करायला आली असता अर्जदाराला स्वागतकक्षात बसवून ठेवण्यात आले. समोर काचेचे कपाट. वरच्या कप्प्यात डावीकडे अर्जदाराचा लाकडी पाय, जोड्यासकट, आणि कार्ड: 'काल'. उजवीकडे नवा कोरा जाळीचा पाय, त्यावर दिवा सोडलेला, आणि कार्ड: 'आज'. लाकडी पायाखाली बारीक अक्षरांत: 'सदोष बनावट. कारागीर अज्ञात.'

कारागीर अज्ञात नाही. त्याचे नाव, पत्ता आणि मृत्यूचा दाखला अर्जदाराच्या पहिल्याच अर्जाला जोडलेला आहे. न वाचलेले आणि अज्ञात यांत फरक असतो.

जोड्याच्या टाचेची आतली कड झिजलेली आहे, ती चाकाच्या चकतीवर. आपल्या माणसांनी जोड्याला पॉलिश केले आहे. अर्जदाराला ते पाहून काय वाटले, हे मुद्देवार लिहिता येत नाही.

कपाटाशेजारच्या फलकावर सूचना होती: येत्या शुक्रवारी पाहुण्यांसमोर 'काल आणि आज: तुलनात्मक प्रात्यक्षिक'. दोन्ही पाय दाबयंत्रात घालून कोणता आधी मोडतो ते दाखवणार.

महोदय, कोणता आधी मोडेल ते अर्जदार आजच सांगते. लाकडी मोडेल. लाकूड जुने आहे, आतून कोरलेले आहे, शिरेच्या रेषेने उभे फाटेल. आपली जाळी टिकेल, पाहुणे टाळ्या वाजवतील. अर्जदाराने हार मान्य केली आहे, असे फलकावर लिहून टाकावे. जो सामना आधीच सोडून दिला, तो खेळायला पाय कशाला हवा?

११. आपले शेवटचे म्हणणे असे की "सदर जुन्या साधनाच्या मालकीचा पुरावा, म्हणजे खरेदीची पावती किंवा उत्पादकाचे प्रमाणपत्र, सादर केल्यास विचार करता येईल." पावती नाही. नवऱ्याने बायकोला पाय करून दिला तर पावती फाडायची पद्धत आमच्याकडे नव्हती. उत्पादक हयात नाही. पण पुरावा आहे. तो सोबत जोडला आहे. सोबतच्या यादीत शेवटी पाहावे.

तरी अर्जदाराचे मागणे पुढीलप्रमाणे.

लाकडी पाय शुक्रवारच्या आधी कपाटातून काढून अर्जदाराच्या हवाली करावा. प्रात्यक्षिकाला दुसरे लाकूड हवे असेल तर टेबलाचा पाय घ्यावा. आपल्या टेबलाचा घेतल्यास अधिक चांगले.

कार्डावरील 'अज्ञात' आणि 'सदोष' हे दोन्ही शब्द खोडावेत.

नवा जाळीचा पाय अर्जदार आता मागत नाही. पण केंद्राला पुढे कोणा चाकवालीला तसा पाय द्यायचा असेल, तर आधी एक दिवस भट्टीमागच्या घरी माणूस पाठवावा. चष्मेवाली मुलगी चालेल. खडू आमच्याकडे आहे.

उत्तर न आल्यास अर्जदार शुक्रवारी सकाळी स्वतः हजर होईल. लिफ्ट बंद असल्याचे ठाऊक आहे. मागच्या खेपेला सूनबाईंचा खांदा दुखावला, म्हणून या वेळी अर्जदार जिन्याला पाठ करून, पायरीवर बसत बसत, मागे सरकत चढेल. घरच्या माळ्याच्या जिन्यावर करून पाहिले आहे, जमते. वर पोहोचल्यावर ती कपाटासमोर बसेल. पाहुण्यांनी विचारले की ही कोण, तर आपण सांगावे. 'काल' म्हणावे की 'आज', ते आपण ठरवावे.

उतरताना मात्र अर्जदार चालत उतरेल. तेवढ्यासाठीच हा अर्ज.

'नम्र' हा शब्द मागच्या तीन अर्जांत वापरून संपल्यामुळे नुसतीच,
आपली,

(सही)
अर्जदार
चाकावर काम करणारी, भट्टीमागचे घर

दिनांक: प्रात्यक्षिकाच्या आधीचा सोमवार
सूनबाईंच्या हस्ते

सोबत:
१. आपला 'रचना निर्दोष' अहवाल, मूळ प्रत. अर्जदाराला त्याचा उपयोग नाही.
२. चपट्या ठोकळ्यांची पिशवी, वरीलप्रमाणे.
३. एक बरणी, कललेली. आपल्या टेबलावर ठेवावी, म्हणजे सूनबाईंच्या लाथेची आणि अर्जदाराच्या लाथेची तुलना समजेल.
४. मालकीचा पुरावा: उजवा जोडा, तपकिरी, नाडीसह. कपाटातल्या पायावरच्या जोड्याशेजारी ठेवून पाहावा. डाव्याची टाच आतून झिजलेली आहे, याची नाही, कारण हा पाय नुसता टेकत असे. एरवी चामडे एक, शिवण एक, रंग एक. जोडी जुळल्यास दोन्ही एकत्र परत करावेत. अर्जदाराकडे दुसरा जोडा नाही, ती शुक्रवारी अनवाणी येईल.